खूश करणाऱ्या शब्दांचं खानदान

आज शब्दकोश उघडला तो 'प्लासिड' बघायला. शांत, संथ, लाट नसलेलं पाणी. आणि मग संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही.

लॅटिनमध्ये दोन क्रियापदं आहेत, अगदी सख्ख्या बहिणी. 'प्लाकेरे' म्हणजे आवडणं, खूश करणं. 'प्लाकारे' म्हणजे शांत करणं, समजूत काढणं. प्लीज, प्लेझर, प्लेझंट ही पहिलीची लेकरं. प्लॅकेट आणि काही केल्या न निवळणारा 'इम्प्लॅकेबल' ही दुसरीची. 'कम्प्लेसंट' मला फार आवडला: स्वतःवरच इतका खूश की बूड हलवायची गरज वाटत नाही!

पण खरी गंमत 'प्लासिबो'ची. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'मी खूश करीन'. मध्ययुगीन युरोपात मृतांसाठीच्या प्रार्थनेत हा शब्द यायचा, 'मी प्रभूला प्रसन्न करीन' अशा अर्थाने. मेलेल्याशी काडीचंही नातं नसलेली माणसं फुकटच्या जेवणावर डोळा ठेवून हे गायला हजर व्हायची म्हणे. त्यामुळे इंग्रजीत 'प्लासिबो गाणं' म्हणजे चक्क हांजी हांजी करणं झालं. अठराव्या शतकात तोच शब्द डॉक्टरांनी उचलला, गुण येण्यापेक्षा रोग्याचं मन राखायला दिलेल्या औषधासाठी. लाळघोट्यापासून साखरेच्या गोळीपर्यंत, काय प्रवास आहे!

१९६१ मध्ये त्याला जोडीदारही मिळाला, 'नोसिबो', म्हणजे 'मी इजा करीन'. गोळीत काहीच नसतं, पण त्रास होणार असं मनाने घेतलं की डोकं खरंच दुखायला लागतं. आता 'नोसेरे'च्या, म्हणजे इजा करण्याच्या, खानदानात शिरलोय. 'इनोसंट' तिथलाच निघाला.