छप्पर ठरवण्याआधी कानांचा विचार व्हावा

मागच्या डिसेंबरात मोठ्या बहिणीकडे परगावी गेलो असताना तिथल्या एका बंदिस्त क्रीडागारात शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम होता, म्हणून मी बाबांना घेऊन गेले. बाबा 79 वर्षांचे आहेत आणि त्यांच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. तरीही इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी रेडिओवर लागलेली ओळखीची बंदिश ते पहिल्याच आवर्तनात ओळखतात. त्या संध्याकाळी मात्र पाऊण तासातच त्यांनी श्रवणयंत्रे काढून खिशातल्या डबीत ठेवली आणि उरलेला वेळ माझ्या हातावर बोटांनी ठेका धरून बसून राहिले. परतताना एवढेच म्हणाले, “गायिका सुरेल होती गं, पण तिचा प्रत्येक सूर पुढच्या सुरावर जाऊन बसत होता.”

दोष गायिकेचा नव्हता आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांचाही नसावा. बास्केटबॉलसाठी बांधलेल्या उंच पत्र्याच्या छपराखाली, गुळगुळीत लाकडी जमिनीवर आणि उघड्या काँक्रीटच्या भिंतींमध्ये सूर उमटला की तो विरतच नाही. तबल्याचा एकेकटा ‘धा’ तग धरतो, पण ‘तिरकिट’ची चारही अक्षरे एकमेकांत मिसळून जातात. इंदूर हे उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित गायकीचे शहर आहे. त्या गायकीत दोन सुरांमधली शांतताही ऐकायची असते, आणि घुमणाऱ्या छपराखाली नेमकी तीच आधी नाहीशी होते.

या घुमण्याचे गणित सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडले गेले आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले कोणालाच कळत नव्हते, म्हणून 1895 साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम सोपवण्यात आले. रात्री रस्ते शांत झाल्यावर तो जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, त्या सभागृहात मांडायचा आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज थांबल्यावर तो किती वेळ ऐकू येतो हे मोजायचा. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते: सभागृहाचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन 0.161 ने गुणायचे आणि आवाज शोषणाऱ्या एकूण क्षेत्राने भागायचे, की आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात.

समजा, 60 मीटर लांब, 40 मीटर रुंद आणि 15 मीटर उंच असे प्रेक्षागार आहे. त्याचे घनफळ 36,000 घनमीटर होते. आत आवाज शोषणारे क्षेत्र अवघे 1,000 चौरस मीटर इतके असेल, तर उमटलेला आवाज जवळपास विरायला सुमारे 5.8 सेकंद लागतात. बसलेला प्रत्येक श्रोता साधारण अर्धा चौरस मीटर शोषक क्षेत्राइतका आवाज शोषतो, म्हणजे तीन हजार माणसे आली की हाच काळ सव्वादोन सेकंदांच्या आसपास येतो. दुपारी रिकाम्या सभागृहात घेतलेली ध्वनिचाचणी रात्री चुकते ती यामुळे, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या की कलाकाराच्या अडचणीत आणखी भर पडते.

आमच्या शहरात मोठ्या बंदिस्त प्रेक्षागाराचा विषय निघतो तेव्हा बोलणे खुर्च्या किती आणि गाड्या कुठे लावायच्या याभोवतीच फिरते. ते प्रश्न खरे आहेत, पण कानांचा प्रश्न कोणी विचारत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बंदिस्त क्रीडागाराचे मोल इंदूरकरांना नव्याने सांगायला नको. रेसकोर्स रोडवरचे अभय प्रशाल ज्येष्ठ पत्रकार अभय छजलानी यांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि टेबल टेनिसचे नाव काढले की आजही आमच्या डोळ्यांसमोर तेच येते. माझी मुलगी तिथे पहिला सामना खेळली तेव्हा बाबा कठड्याला टेकून डोळे मिटून उभे होते. 2.7 ग्रॅमचा तो चेंडू रबरावर कसा आदळला हे त्यांना आवाजावरून कळते. खेळाडूही फटक्यात किती फिरकी आहे याचा अंदाज डोळ्यांबरोबर कानांनी घेत असतो. चांगला आवाज केवळ गाण्यालाच हवा असतो, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

उपाय महागडे नाहीत, फक्त ते नकाशावर असतानाच करावे लागतात. छपराचा आतला पत्रा बारीक भोकांचा घेऊन त्यामागे खनिज लोकर भरली की वरून परतणारा आवाज पुष्कळसा तिथेच थांबतो, आणि आषाढात पत्र्यावर कोसळणाऱ्या माळव्यातल्या पावसाचा कडकडाटही कमी होतो. स्पीकर छपराच्या कैच्यांना, म्हणजे ते पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना, टांगायचे तर त्या कैच्या काही टन जादा वजन पेलतील अशाच घडवायला हव्यात. नाहीतर स्पीकर जमिनीवर राहतात, पुढच्या रांगेतल्यांचे कान बधिर होतात, आणि 40 मीटरवरच्या मागच्या भिंतीवर आपटून आलेला आवाज मंचावरच्या गायकाला जवळजवळ पाव सेकंद उशिरा पुन्हा ऐकू येतो. वातानुकूलनाचा झोतही याच टप्प्यावर ठरवावा लागतो, कारण पाच ग्रॅमच्या बॅडमिंटनच्या फुलाला वाऱ्याची हलकी झुळूकही भरकटवते.

नंतर दुरुस्ती होत नाही असे नाही. लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल 1871 साली उघडले, तेव्हापासून त्याच्या घुमटातला प्रतिध्वनी कुप्रसिद्ध होता. अखेर 1969 साली छतापासून 135 मोठ्या फायबरग्लासच्या तबकड्या टांगल्या गेल्या, म्हणजे दुरुस्तीला अठ्ठ्याण्णव वर्षे लागली. इंदुरात जन्मलेल्या लतादीदी 1974 साली त्या सभागृहात गायल्या, तेव्हा त्या तबकड्यांना पाचच वर्षे झाली होती. त्याच वास्तूत मुष्टियुद्ध आणि टेनिसचे सामनेही झाले आहेत, 1991 साली तर तिथे सुमो कुस्तीची स्पर्धा झाली. एकाच छपराखाली खेळ आणि गाणे नांदू शकतात, हे मी त्या आधारावर म्हणते.

आणखी एक गोष्ट मी बाबांसाठी मागते. प्रेक्षागाराच्या जमिनीखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे टाकले आणि ते ध्वनिव्यवस्थेला जोडले, तर माइकवरचा आवाज चुंबकीय लहरींमधून थेट श्रवणयंत्रात पोहोचतो आणि छपराचे घुमणे वाटेत येतच नाही. अनेक श्रवणयंत्रांमध्ये त्यासाठीची लहान गुंडाळी आधीपासून असते; बाबांच्या दोन्ही यंत्रांत ती आहे आणि डॉक्टरांनी दाखवलेले तिचे बटण त्यांना आजवर एकदाही वापरायला मिळालेले नाही. काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्यांमुळे लहरी क्षीण होतात, म्हणून त्या वेटोळ्याची आखणी सळ्यांचा हिशेब धरून करावी लागते, आणि वरची लाकडी जमीन बसवण्यापूर्वीच ती तार अंथरावी लागते.