घरगुती भुतं

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईल घेऊन पडले होते आणि यूट्यूबने कुठून तरी झी हॉरर शोचा एक जुना एपिसोड समोर आणून टाकला. प्रिंट इतकी खराब की भूत कुठलं आणि पडदा कुठला कळेना. पण ट्यून सुरू झाली आणि मी चक्क पाय पांघरुणात ओढून घेतले. वय वर्षं त्रेचाळीस, दोन मुलांची आई, गृहकर्ज चालू. तरी पाय आत.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहून टाकते.

आमचं लहानपण साताऱ्यात एका वाड्यात गेलं. पुढे दोन खोल्या, मधे अंधारं माजघर, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला संडास. म्हणजे भुताच्या सिरीयलसाठी वेगळा सेट लावायची गरजच नाही अशी सोय. १९९३ सालात आमच्याकडे केबल आली, म्हणजे शेजारच्यांच्या गच्चीवरून एक काळी वायर कौलांवरून ओढत आमच्या खिडकीतून आत घेतली आणि तिच्यातून झी टीव्ही आला. झी सुरू झालं ऑक्टोबर १९९२ मध्ये, आणि हॉरर शो त्याच्या पुढच्याच वर्षी. तोपर्यंत आम्ही सगळे दूरदर्शनवाले, बातम्या, आमची माती आमची माणसं, रविवारचा पिक्चर. दूरदर्शनवर भुताच्या गोष्टी कधी लागल्या नाहीत असं नाही, पण त्यासुद्धा जरा शिस्तीतच घाबरवायच्या.

आता यातली गंमत मला फार उशिरा कळली. त्या काळात आपल्याकडे खाजगी चॅनेलला इथून प्रक्षेपण करायची परवानगी नव्हती, त्यामुळे झीचा कार्यक्रम टेपवर भरून बाहेर पाठवायचे आणि हाँगकाँगवरून तो उपग्रहावर चढायचा, मग आपल्या केबलवाल्याच्या डिशमध्ये उतरायचा. म्हणजे आमच्या वाड्यात येणारी भुतं मुंबईत तयार होऊन व्हाया हाँगकाँग यायची! आणि त्यामुळे सेन्सॉर बोर्ड वगैरे भानगड मधे आडवी यायची नाही. केबलचा कायदा नंतर आला, १९९५ मध्ये.

हे का महत्त्वाचं, तर ही सिरीयल बनवणारे होते रामसे बंधू, आणि त्यांचे पिक्चर म्हणजे ए सर्टिफिकेट. आमच्याकडे त्यांच्या पिक्चरचं पोस्टर दिसलं की आई आमची मान दुसरीकडे वळवायची. पुराना मंदिर (१९८४), वीराना (१९८८), बंद दरवाजा (१९९०), ही नावं आम्हाला पोस्टरवरून पाठ, पण बघितलेला एकही नाही. असले पिक्चर कॉलेजची पोरं बघायची, बाप्ये बघायचे, घरातल्या बायकापोरांनी बघायची ती वस्तूच नव्हती. आणि मग एक दिवस तेच रामसे, तोच धूर, तोच लाल-निळा उजेड, तीच करकरणारी दारं थेट आमच्या बाहेरच्या खोलीत, आणि बघायला कोण तर बाबा, आई, आजी, मी, दादा, शिवाय ज्यांच्याकडे केबल नाही असे शेजारचे पाच-सहा जण. बिनसर्टिफिकेटचं!

पहिली गोष्ट होती दस्तक. पंकज धीर (टीव्हीवरच्या महाभारतातला कर्ण) आणि अर्चना पूरणसिंग. आमच्या आजीने पंकज धीरला बघितल्या बघितल्या ओळखलं, "अगो, हा तर कर्ण!" आणि मग सबंध गोष्टभर ती त्याला कर्णच म्हणत राहिली. कर्णाच्या मागे भूत लागलंय, कर्णाने दार उघडायला नको होतं, वगैरे. गोष्ट एका दिवसात संपायची नाही, पुढच्या आठवड्यावर जायची, आणि हेच तर सगळ्यात वाईट, कारण पिक्चरमध्ये शेवटी त्रिशूळ बिशूळ घेऊन भूत मारलं जातं आणि मग तुम्ही घरी येता. इथे भूत जिवंत (म्हणजे मेलेलंच, पण कळलं ना) तसंच सोडून टीव्ही बंद व्हायचा आणि मग पुढचा आख्खा आठवडा ते आमच्या माजघरात राहायला.

माझी आजी मूळची गुहागरकडची. तिला या सिरीयलचा फार राग यायचा, भीती नाही, राग. तिचं म्हणणं असं की ह्या भुताला ना नाव ना गाव. तिच्या गोष्टीतली भुतं म्हणजे सगळी रीतसर पत्ता असलेली. मुंज्या असेल तर तो कुठल्या पिंपळावर, त्याची मुंज होऊन किती दिवसात तो गेला, कुणाचा मुलगा, हे सगळं तिला माहीत. गिऱ्हा पाण्यात, हडळ विहिरीपाशी, चकवा माळावर, देवचार गावाच्या वेशीवर, आणि प्रत्येकाला काय द्यायचं म्हणजे तो वाट सोडतो तेही ठरलेलं. आणि इथे टीव्हीवर कोणीतरी काळा झगा घालून शवपेटीतून उठतोय. "हा कुठला? आपल्याकडे माणसाला पेटीत कोण ठेवतो?" आजीचा प्रश्न बिनतोड होता. दादा म्हणायचा, आजी तो ड्रॅक्युला टाईप आहे. आजी म्हणायची, मग त्याच्या गावी जाऊन हिंडू दे की, इथे ठाकुराच्या हवेलीत काय करतोय.

पण बघायची मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि सुरू व्हायच्या आधी तिचा एक ठरलेला हुकूम असायचा, मागच्या दाराची कडी घातली का बघा. ते बघायला कोणी जायचं यावर माझी आणि दादाची मारामारी.

रामसेंबद्दल पुढे जे काही वाचलं त्यातून मला ते फारच आवडायला लागले, म्हणजे पिक्चर नव्हे, माणसं. वडील फतेहचंद रामसिंघानी, कराचीला त्यांचं रेडिओचं दुकान, रामसिंघानीचं रामसे तिथेच झालं. फाळणीनंतर मुंबई. सात मुलगे, कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन. १९७० मध्ये त्यांचा एक पिक्चर आला, एक नन्ही मुन्नी लडकी थी, तो सपशेल पडला. पण मुलांनी थेटरात बसून एक गोष्ट हेरली की पिक्चरमध्ये एक सीन आहे, पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला जातात, तेवढ्या सीनला पब्लिक जागचं हलत नाही. मग पोरांनी बापाला पटवलं की आपण फक्त असलंच काढू.

त्यातून आला दो गज जमीन के नीचे, १९७२. आणि तो शूट कुठे केला तर महाबळेश्वरला! आमच्यापासून एसटीने दोन तासावर! सगळं खटलं बसमध्ये घालून नेलं, सरकारी गेस्ट हाऊसमध्ये मुक्काम, चाळीसेक दिवसांत काम फत्ते. घरातल्या बायका स्वयंपाक बघतायत, कपडे बघतायत, मेकअपला हात लावतायत. कॅमेरा गंगूचा, आवाज किरणचा, लिखाण कुमारचं, डायरेक्शन तुलसी आणि श्याम यांचं. म्हणजे जसे आपल्याकडे एका घरात सगळे मिळून उन्हाळ्यात पापड-कुरडया करतात ना, एक जण लाटतोय, एक जण गच्चीवर वाळत घालतोय, तसं या घरात भूत करायचे. घरगुती उद्योग. आणि मला वाटतं की त्यांच्या भुताला ती घरगुती चव होतीच. जरा जाडंभरडं, कडेला फाटलेलं, पण कारखान्यातलं नाही.

त्यांचा हुकमी राक्षस म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल. पुराना मंदिरमधला सामरी आणि बंद दरवाजामधला नेवला. हा माणूस शिकलेला सिव्हिल इंजिनीअर, रुरकीचा! उंची आणि चेहऱ्याची ती ठेवण पिट्युटरी ग्रंथीच्या आजारामुळे आलेली. मी हे वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं, की आपण ज्या चेहऱ्याला बघून उशीत तोंड खुपसायचो तो एका माणसाचं दुखणं होतं. नंतर तो बँडिट क्वीनमध्ये डाकू बाबू गुज्जर झाला, आणि तिथला तो सामरीपेक्षा कितीतरी पट भयानक आहे, कारण तिथे त्याला मेकअप नाही.

बरं, नव्वदच्या सुरुवातीला पिक्चरमधलं रामसेंचं दुकान मंदावत आलं होतं. १९९४ चा महाकाल, ज्यात पंजाला चाकू लावलेला, स्वप्नात येऊन मारणारा तो अमेरिकन पिक्चरमधला फ्रेडी क्रूगर हिंदीत आणलाय आणि सोबतीला जॉनी लिव्हर, तो मी मोठेपणी बघितला आणि हसून हसून पोट दुखलं. टीव्हीवर मात्र त्यांची नवी पाळी सुरू झाली ती बरीच वर्षं चालली. १९९५ मध्ये सोनीवर आहट आली, बी. पी. सिंगांची, ती जास्त नीटनेटकी, गोष्टही चटपटीत. आमच्या दादाला आहटच आवडायची. मला विचाराल तर आहट बघून मी नीट झोपायचे, यावरून काय ते समजा.

याच काळातला खरा भारी पिक्चर म्हणजे राम गोपाल वर्माचा रात, १९९२. हा आम्ही व्हीसीआर भाड्याने आणून बघितला, सोबत आणखी दोन कॅसेट होत्या, त्या कुठल्या ते आठवत नाही यातच सगळं आलं. यात हवेली नाही, ठाकूर नाही, झगा नाही. एक साधं कुटुंब नव्या घरात राहायला येतं, आई रोहिणी हट्टंगडी, म्हणजे आपल्या ओळखीचीच बाई, मुलगी रेवती कॉलेजला जाणारी. एक मांजराचं पिल्लू गाडीखाली येतं, बस, सुरुवात एवढीशीच. आणि ते थेटरातलं दृश्य, की ती पिक्चर बघत बसलीये आणि एकदम आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मला विचाराल तर रामसेंचे सगळे धूर एकीकडे आणि त्या रिकाम्या खुर्च्या एकीकडे. आईने त्यानंतर अंगणात येणाऱ्या मांजरीला दूध घालणं बंद केलं. खरंच केलं. चार दिवस. मग तिचं तिलाच वाईट वाटलं.

आणि मराठीत १९९३ ला झपाटलेला. आता लोक तात्या विंचूचे मीम बनवतात, पण मी तेव्हा घरातली बाहुली कपाटावर तोंड भिंतीकडे करून ठेवली होती हे मी आज जाहीर करते. रामदास पाध्यांचा बाहुला, ज्या हातांनी अर्धवटराव हसवायचा त्याच हातांनी हा. आणि आतला जीव दिलीप प्रभावळकरांचा. महेश कोठारेंनी मूळ कल्पना अमेरिकन पिक्चरमधल्या चकी नावाच्या खुनी बाहुल्यावरून घेतली हे जगजाहीर आहे, पण चकी मला कधी घाबरवू शकला नाही, कारण तो मराठीत शिव्या देत नाही.

चकीवरून आठवलं. तो चकी घडवणारा केव्हिन येगर नावाचा माणूस आहे, त्यानेच टेल्स फ्रॉम द क्रिप्टमधलं ते हसणारं सांगाड्यासारखं बुजगावणं केलं, क्रिप्ट कीपर. ती सिरीयल १९८९ ते १९९६, एकूण ९३ भाग, अमेरिकेत एचबीओवर. मी ती नोकरी लागल्यावर, पुण्यात रूमवर असताना सगळी बघून काढली. तिथे भाग बनवायला कोण कोण, रॉबर्ट झेमेकिस, वॉल्टर हिल, एक तर आर्नोल्ड श्वार्झनेगरने डायरेक्ट केलेला! गोष्टी पन्नासच्या दशकातल्या ईसी कॉमिक्सच्या, ज्या कॉमिक्सविरुद्ध तिकडे पालकांनी इतकं रान उठवलं की ती बंदच पडली. मग पस्तीस वर्षांनी ती परत आली ती पैसे भरून घ्यायच्या केबलवर, कारण तिथे नेहमीच्या चॅनेलचे नियम लागत नव्हते. हे वाचून मी एकदम उठून बसले. अगदी आमच्यासारखंच की! त्यांचीही भुतं दारातून हाकलली आणि केबलच्या वायरमधून आत शिरली.

फरक एकच, क्रिप्ट कीपर तुम्हाला आधीच येऊन डोळा मारतो, की बाबांनो ही गंमत आहे. आमच्याकडे डोळा मारणारं कोणी नव्हतं. रामसे अगदी मनापासून, गंभीरपणे घाबरवायचे, रबरी मुखवट्याची शिवण दिसत असताना सुद्धा. आणि आम्ही दहा-बारा जण एकमेकांना चिकटून तितक्याच गंभीरपणे घाबरायचो. मी आता इअरफोन लावून एकटी काय काय बघते, कोरियन, जपानी, एकाहून एक, पण त्यात कोणाच्या तरी गुडघ्याचा धक्का लागत नाही. कोणी मधेच "कर्णा, मागे बघ रे" असं ओरडत नाही.

आजी २००१ मध्ये गेली. वाडा पडला, तिथे आता बिल्डिंग आहे. रामसेंपैकी तुलसी २०१८ ला गेले, श्याम २०१९ ला, गंगू २०२४ ला.

तर परवा रात्री तो एपिसोड बघताना इअरफोनचं चार्जिंग संपलं आणि ट्यून मोठ्याने वाजायला लागली. आई सध्या माझ्याकडे आहे, पलीकडच्या खोलीत झोपलेली. मी घाईघाईने आवाज कमी करायला गेले तेवढ्यात तिकडून झोपेतला आवाज आला, "मागच्या दाराची कडी घातली का गं?"

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्या फ्लॅटला मागचं दार नाहीये.