रजिस्टरमधला शेरा

डिसेंबर २०२१ मध्ये मी एका जिमच्या रिसेप्शनला होते. कोरोनाच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराचं नाव ऐकून जेमतेम पंधरा-वीस दिवस झालेले आणि आमच्या मॅनेजरने नियम काढला की लसीचे दोन डोस झालेत आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटलेत हे बघितल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. बघायचं कोणी, तर मी. मोबाइलवर सर्टिफिकेट बघायचं, ओळखपत्राशी नाव जुळवायचं, मग रजिस्टरमध्ये लिहायचं. रकाने पाच, नाव, फोन, डोस किती, शेरा आणि सही. मला त्या शेऱ्याच्या रकान्याबद्दल सांगायचंय.

सकाळी सहा ते आठ तुफान गर्दी असायची, त्या दिवशी रांग दाराबाहेर गेलेली. एक मॅडम आल्या, जुन्या मेंबर, रोजच्या. त्यांनी मोबाइल पुढे धरला, त्यावर एकच डोस. मी विचारलं, मॅडम दुसरा राहिलाय का? म्हणाल्या, डॉक्टरांनी नको सांगितलाय. इथे मी थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, का? आणि तेही मोठ्याने, कारण आत गाणी चालू आणि दोघींच्या तोंडाला मास्क.

त्यांनी एकदा मागे रांगेकडे बघितलं आणि सांगितलं, पहिल्या डोसनंतर दहाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा सुजला, श्वास घेता येईना, सेंटरवरच इंजेक्शन दिलं आणि रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं. हे एका दमात, अनोळखी वीस माणसांसमोर. मागून कोणीतरी म्हणालं, हल्ली सगळे हेच सांगतात. मॅडमचा चेहरा मास्कमुळे कळत नव्हता पण मोबाइल धरलेला हात थरथरत होता.

मी शेऱ्यात लिहिलं 'एक डोस, अ‍ॅलर्जी' आणि सहीसाठी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी वाचलं, मग वरच्या ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "हे इथेच राहणार? माझ्यानंतर सही करणारा प्रत्येक जण वाचणार?" मी पहिल्यांदाच ते पान येणाऱ्या माणसाच्या बाजूने बघितलं. 'प्रेग्नंट, दुसरा नंतर घेणार.' 'फिट येतात, डॉक्टरांना विचारतो म्हणाले.' सगळं माझ्या अक्षरात, बाजूला नाव आणि फोन नंबर. त्या प्रेग्नंट मुलीने अजून घरीसुद्धा सांगितलं नव्हतं, मला हळूच सांगितलेलं, आणि मी ते लिहून ठेवलं कारण रकाना रिकामा दिसायला नको.

मॅनेजरला फोन लावला, ते म्हणाले नियम सगळ्यांना सारखा. मॅडम सही न करता गेल्या.

दहाच्या सुमारास एक काका आले, किडनी ट्रान्सप्लांट झालेले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून ट्रेडमिलवर यायचे. ते आपणहून म्हणाले, "बाळा, तू सगळ्यांना विचारतेस ना? विचारत जा गं." शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि त्यामुळे लस घेऊनही अंगात तेवढी ताकद तयार होत नाही, म्हणजे त्यांचे दोन डोस झालेले असले तरी त्यांना आजूबाजूच्यांचा आधार हवा होता. सकाळी ज्या प्रश्नाने एक बाई रडवेली होऊन गेली त्याच प्रश्नाच्या भरवशावर हे काका घराबाहेर पडले होते. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी एकाने भांडण काढलं की मेडिकल प्रायव्हसीचा कायदा आहे, तुम्ही विचारूच शकत नाही. त्याने कुठले तरी अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेले. रात्री घरी वाचत बसले. तिथला तो हिपा कायदा डॉक्टर, हॉस्पिटल, इन्शुरन्सवाले यांच्यावर आहे, दुकानदाराने गिऱ्हाइकाला विचारण्यावर नाही. पण न्यूयॉर्क शहरात १७ ऑगस्ट २०२१ पासून जिमवाल्यांनी लसीचा पुरावा बघायचाच असा तेव्हा नियम होता आणि फ्लोरिडात तोच पुरावा मागितला तर दर वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड. देश एकच. कायद्यातून मला उत्तर मिळणार नाही हे कळलं, कारण दोन्हीकडे वाद विचारायचं की नाही एवढाच होता, आणि माझ्या काउंटरवर सगळं बिघडलं ते विचारल्यानंतर.

मला आजही वाटतं की बंद खोलीत लोक धापा टाकत व्यायाम करतात, तिथे साथ चालू असताना विचारू द्यावं, काकांसारख्यांसाठी तरी. पण हो की नाही एवढंच. 'का' विचारायचा हक्क काउंटरवरच्या मुलीला नको, मला तर कोणी एक तासाचं ट्रेनिंगसुद्धा दिलं नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर टेस्ट बघून किंवा कमी गर्दीच्या वेळी आत घ्या, आणि लिहून काहीही ठेवू नका. शिवाय नियम लावला की तो कधी काढायचा हेही बघायला पाहिजे. ओमिक्रॉन दोन डोसवाल्यांनाही होत होता, लस मुख्यतः गंभीर आजारापासून वाचवत होती, तरी आमचा नियम तसाच चालू. २ मे २०२२ ला भारताच्या सुप्रीम कोर्टाने लस न घेतलेल्यांवरच्या बंधनांचा फेरविचार करा असं सुचवलं, आणि त्यात खाजगी संस्थासुद्धा आल्या, तेव्हा कुठे आमच्याकडे दारावरचा नियमाचा कागद निघाला.

मॅडम सही न करता गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन सगळे शेरे काळ्या मार्करने खोडले आणि मॅडमना फोन करून माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पान फाडलंस का?" मी म्हटलं, नाही, खोडलंय. त्या म्हणाल्या, "उजेडासमोर धरून बघ."

ट्यूबलाइटसमोर धरलं. मार्करच्या खाली माझं बॉलपेनचं 'अ‍ॅलर्जी' स्पष्ट वाचता येत होतं. मग मी फोन चालू ठेवूनच ते पान फाडलं, आणि मागची अकरा पानंसुद्धा.