काझातला नोव्हेंबर आणि एक हयातीचा दाखला

हिमाचलमधल्या स्पितीत, काझाला बदली होऊन दीड वर्ष झालं, बँकेत आहे, मूळचा कराडचा. स्पितीची सगळी सरकारी कामं या एकाच गावात होतात, उंची 3600 मीटरच्या वर. कुंझुम खिंड बर्फाने बंद झाली की मनाली तुटते, मग किन्नौरमार्गे शिमला, 400 किलोमीटरहून जास्त. आमच्याकडे गर्दी दोनदाच, उन्हाळ्यात मटारचे पैसे येतात तेव्हा आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांना.

परवाची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. पिन खोऱ्यातल्या मुद गावच्या एक आमा (इथे म्हाताऱ्या बाईला आमा म्हणतात) आल्या होत्या, नवरा ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलात होता, त्याची फॅमिली पेन्शन. इथली रीत अशी की थोरल्या मुलाचं लग्न झालं की मोठं घर आणि जमीन त्याची, आईबाप लहान घरात राहायला जातात, खांगछुंग म्हणतात त्याला. म्हणजे मटारचा पैसा मुलाचा, आमांच्या हक्काची ही पेन्शनच, आणि 30 तारखेच्या आत दाखला नाही दिला तर तीही थांबते.

डिजिटल दाखल्यासाठी बोटं मशीनवर उमटेचनात. जन्मभर शेण गोळा करून, लोकर कातून ठसे पार झिजलेत, त्यात थंडीच्या चिरा. आमच्या शिपायाने तंदूरपाशी (इथे घरातल्या शेगडीला तंदूर म्हणतात) त्यांचे हात शेकले, ओल्या फडक्याने पुसले, व्हॅसलीन चोळलं, एकेक करत दहाही बोटं लावून झाली, काही नाही. चेहऱ्यावरून करू म्हटलं तर नेटवर्क गेलं. मी म्हटलं उद्या या. त्या भाचीकडे राहिल्या, दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या.

खरं तर कागदी फॉर्म चालतो. माणूस समोर बघायचा आणि अधिकाऱ्याने सही करायची, नियमातच आहे. पण वरून रोज डिजिटलचा आकडा विचारतात, कागद घेतला की शाखा मागे पडते. आकडा मागणाऱ्यांनी असे हात कधी पाहिलेले नाहीत, पण मी तर समोर पाहत होतो ना, तरी दोन दिवस बसवून ठेवलं त्यांना. फॉर्मला शेवटी चार मिनिटं लागली. सही झाल्यावर त्या "जुले" (इथे नमस्कार, आभार दोन्हीला हेच) म्हणाल्या आणि पोच नीट घडी करून पोटाशी खोचली, माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

पिनमधले अजून चार जण बाकी आहेत आणि आभाळ भरून आलंय. कोरे फॉर्म बॅगेत टाकलेत, शिपाई बरोबर येतोय, कारण मला इथली भोटी भाषा येत नाही. उद्या गाडी मिळाली की निघतो.