हॅमॉक तीनशे किलोचा, दोरी कपडे वाळत घालायची : माझा अनुभव

स्वस्त हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधून झोपायचा कापडी झोपाळा, शोधायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत ‘क्षमता 300 किलो’ हा आकडा डोळ्यांत भरतो. तो आकडा कापडाचा असतो. सोबत येणाऱ्या दोरीबद्दल आणि हुकांबद्दल त्यात अवाक्षर नसतं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या पत्त्यावर एका खरेदीच्या ॲपवरून चार हॅमॉक मागवले, दोन मोठ्यांना, दोन मुलांना. निवडायला एक संध्याकाळ लागली आणि परत करायला महिना गेला. अजूनही त्या ॲपचं चिन्ह दिसलं की कपाळाला आठी पडते.

निवडीचं आधी उरकतो. लांबी 300 सेंमी घ्या. 250 वाला स्वस्त पडतो, पण मोठा माणूस त्यात धनुष्यासारखा वाकून झोपतो. रुंदी किमान 140 सेंमी हवी, म्हणजे थोडं तिरकं झोपता येतं आणि पाठ सपाट राहते. ‘खास मुलांसाठी’ म्हणून मिळणारा आखूड हॅमॉक दोन वर्षांत पुरेनासा होतो, त्यांनाही मोठाच घ्या. दोन मुलांत एक डबल हा हिशेब चुकतो. दोघंही मध्यभागी घरंगळतात आणि रात्रभर भांडण. टोकांना लाकडी दांडी असलेला झोपाळा बागेत शोभतो, पण कडेवर भार पडला की पटकन उलटतो. दोऱ्यांच्या जाळीचा तर मुलांसाठी नकोच, त्यात बोटं, बटणं आणि मान अडकते. दांडी नसलेल्या जाळीच्या छोट्या झोपाळ्यांत मुलं अडकून दगावली म्हणून अमेरिकेत 1996 साली ते बाजारातून परत मागवले होते. तान्ह्या बाळाला कुठल्याच हॅमॉकमध्ये झोपवू नये. आजीच्या साडीच्या झोळीशी त्याची तुलना करू नका, त्या झोळीपाशी आजी बसलेली असायची.

आता दोरी.

हॅमॉक दोन झाडांमध्ये जितका ताणून बांधाल तितका दोरीवरचा ताण वाढतो. दोरी जमिनीशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर 80 किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूला 80 किलोच ताण येतो. कोन 10 अंशांवर आला की तोच ताण प्रत्येक बाजूला 230 किलो होतो. त्यात धपकन बसलं की दुप्पट, आणि मुलं धपकनच बसतात. मग 300 किलोचं कापड शाबूत राहतं, पण चार मिलिमीटरची दोरी निसटते किंवा पातळ सळईचा एस-हुक हळूहळू उघडतो.

म्हणून खोकं आलं की गाठ मारून बघण्याआधी चार गोष्टी करा. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. लेबल काढू नका. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क आहे का बघा. 2011 च्या वजन-माप नियमांप्रमाणे पाकीटबंद मालावर हे लागतं, आणि नसेल तर त्याचा फोटो हाच तुमच्या हातातला हुकमी एक्का. चौथं, दोरीचं टोक बादलीतल्या पाण्यात दाबून हवा काढा आणि सोडा. वर तरंगली तर पॉलिप्रॉपिलीन. ती उन्हात कुजते आणि सतत भाराखाली लांबत जाते. पॉलिस्टर आणि नायलॉन दोन्ही बुडतात. आपल्याला पॉलिस्टर हवं, कारण नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि सकाळी पाठ जमिनीला टेकलेली असते.

चाचणी इमारतीखालच्या पार्किंगच्या दोन खांबांना करा. गॅलरीच्या कठड्याला किंवा ग्रिलला अजिबात नको. खांबाच्या धारदार कोपऱ्यांवर तरट गुंडाळा, हॅमॉक जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, खाली गादी टाका. पाण्याचे 20 लिटरचे चार भरलेले जार एकेक करून आत ठेवा, झाले 80 किलो. दोरीवर गाठीपाशी पेनने खूण करा आणि अर्ध्या तासाने खूण किती सरकली ते पट्टीने मोजून तेही व्हिडिओत घ्या. माझ्याकडे चारांपैकी दोन दोऱ्या बोटभर सरकल्या आणि एक हुक उघडला. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, नाहीतर जारपेक्षा त्यांचाच भार जास्त होतो.

परतीच्या फॉर्ममध्ये आधी दिसतात ती कारणं चार: फाटलेलं, रंग वेगळा, साइज वेगळा, आता नको. दोरी निसटते असं खानाच नाही. ‘आता नको’ चुकूनही निवडू नका, मग वस्तू सदोष असल्याचं तुम्ही स्वतःच नाकारलंत असं धरतात. मी ‘फाटलेलं’ निवडलं, ते ‘फोटोत कापड फाटलेलं दिसत नाही’ म्हणून फेटाळलं. सगळी यादी खाली ओढल्यावर ‘वर्णनाशी जुळत नाही’ सापडलं, ते बरोबर. त्यात एकच वाक्य लिहा: ‘जाहिरातीत 300 किलो क्षमता लिहिली आहे, सोबतची दोरी 80 किलोला सरकते, व्हिडिओ जोडला आहे.’ ‘दर्जा वाईट आहे’ असं लिहून काही होत नाही, आकडा लागतो.

मग पिकअप. ‘आमचा प्रतिनिधी आला होता, ग्राहक उपलब्ध नव्हता’ हा संदेश तीन वेळा आला, तिन्ही वेळा घरात माणसं होती आणि गेटवरच्या नोंदवहीत कुणाचीच नोंद नव्हती. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पिशवी, दोऱ्या, हुक सगळं एकत्र बांधून ठेवा, छोटी पिशवी नसली तरी माल परत घेत नाहीत. इतकं होऊनही अडलं, तर चॅटवर वेळ घालवू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. त्याला ईमेल करा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा आणि तो नोंदणी क्रमांक ईमेलमध्ये टाका. मला त्यानंतरच पैसे मिळाले, तेही दोनच संचांचे. उरलेल्या दोऱ्यांवर आमच्या गॅलरीत कपडे वाळतात, त्या कामाला अगदी योग्य आहेत.

खरं तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा हॅमॉक स्वस्त घ्यावा आणि पट्टे वेगळे घ्यावेत. ट्रकवरचा माल आवळायचे पॉलिस्टर पट्टे कळंबोलीसारख्या ट्रकच्या वस्तीत मिळतात. रुंदी किमान 25 मिमी, लेबल निळं असेल तर पॉलिस्टर, तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीन. लेबलवरचा ‘डेकान्यूटन’ आकडा साधारण किलोइतकाच धरा. खटक्याचं हँडल नको, नुसता पट्टा हवा. दर झाडाला तीन मीटर पुरतो. रुंद पट्ट्याने झाडाची सालही कापली जात नाही. पट्टा आणि हॅमॉक जोडणाऱ्या कॅराबिनरवर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर, भारक्षमता कोरलेली हवी, 12 किलोन्यूटन म्हणजे साधारण 1200 किलो. किल्ल्या लावायचे रंगीत कॅराबिनर किल्ल्यांनाच ठेवा.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. हॅमॉकचं टोक झाडापासून एक मीटर लांब असेल, तर झाडावरचा पट्टा त्या टोकापेक्षा 58 सेंमी वर बांधायचा, झाले 30 अंश. झाडांमध्ये साडेचार-पाच मीटर अंतर हवं, खोड मांडीएवढं तरी जाड. आंबा, जांभूळ, साग चालतात. शेवगा ठिसूळ म्हणून नको, नारळ का नको हे सांगायला नको. आंब्यावर पानं चिकटवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी आहेत का ते आधी वर बघा. बसल्यावर मुलांचा हॅमॉक जमिनीपासून फुटाच्या वर नको आणि खाली दगड किंवा मुळं नकोत. एकावर एक दोन हॅमॉक कधीच बांधू नका.

येऊर जवळ आहे म्हणून तिकडे रात्र काढायचा बेत करू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि कर्नाळा हे पक्षी अभयारण्य. दोन्हीकडे आपलं आपण मुक्काम टाकता येत नाही. मुरबाड, शहापूर, कर्जतकडे ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी काढून त्याच्या आमराईत बांधा.

राहिलंच होतं. पातळ नायलॉनमधून डास खालून चावतात, त्यामुळे वरची मच्छरदाणी असली तरी पाठीखाली कॅरी मॅट (गुंडाळून नेता येणारी फोमची चटई) हवीच. डिसेंबरात तीच मॅट थंडीलाही लागते, कारण अंगाखाली दबलेलं पांघरूण ऊब धरत नाही. मच्छरदाणीची चेन मुलाला आतून, अंधारात, एका हाताने उघडता येते का ते घरीच दिवा बंद करून बघा. आणि अवेळी पाऊस आला तर पट्ट्यावरून ओघळणारं पाणी थेट हॅमॉकमध्ये येतं. टोकाच्या जरा अलीकडे पट्ट्याला सुतळीचा वीतभर तुकडा लोंबता बांधला की ते तिथेच गळून जातं.