वॉटर बेड घेण्याआधी खाट बघा

पडून असलेल्या माणसाला घरी सोडताना डॉक्टर सांगतात, "वॉटर बेड नाहीतर एअर बेड घ्या." या 'नाहीतर'वर कोणी फारसा विचार करत नाही. मुंबईचा मुलगा फोनवरून काहीतरी मागवतो आणि इकडे कोकणात पार्सल उघडल्यावर खाट, वीज, पाणी असे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. या दोन वस्तूंचं काम एकच असलं, तरी त्या चालतात अगदी वेगळ्या तऱ्हेने.

वॉटर बेड मुळात निघाला तोच आजाऱ्यांसाठी. नील अर्नॉट या स्कॉटिश डॉक्टरने १८३२ मध्ये तो केला, बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, टाळायला. तत्त्व तेच आजही आहे. साध्या गादीवर सगळा भार माकडहाड, खुबे, टाचा, खांदे अशा मोजक्या हाडांवर येतो. तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी मरते. पाण्यावर शरीर थोडं बुडतं, भार मोठ्या भागावर पसरतो. अट एकच, वरचं रबर सैल हवं. गच्च भरलेला बेड ढोलकीसारखा ताणला की त्याचा उपयोग संपला.

आता वजनाचा हिशोब. सहा बाय तीन फुटांच्या बेडमध्ये दर सेंटीमीटर खोलीला साधारण साडेसोळा लिटर पाणी लागतं. आठ सेंटीमीटर भरलं तर १३० लिटरच्या वर, म्हणजे तेवढेच किलो. त्यावर साठ किलोचं माणूस आणि खाली लोखंडी खाट. एवढा भार चार पायांवर येतो. नवारीची खाट किंवा सुंभाची बाज यासाठी बादच. मधे झोळ पडतो आणि सगळं पाणी तिथे गोळा होतं. खाट सपाट फळीची हवी. पट्ट्यांची असेल तर वर पाऊण इंची प्लायवुड टाका, कडा घासून घ्या आणि वर एक जुनी गोधडी अंथरा. जुन्या घराच्या माडीवर, लाकडी तक्त्यांवर हा बेड ठेवूच नये. मधलं घर, म्हणजे माजघर, सर्वांत बरं. पडवीत पावसाळ्यात ओल येते, आणि रात्री उठून कूस बदलायला कोणी तिथवर जात नाही.

एअर बेडला वजनाची ही भानगड नाही. तो नेहमीच्या गादीवर पसरायचा. थेट फळीवर नाही, कारण हवा गेली तर खाली काहीतरी मऊ हवं. छोटा पंप दर काही मिनिटांनी आलटून पालटून बेडमधले अर्धे फुगे फुगवतो आणि अर्धे सोडतो. पंप दहा वॉटच्या आसपासच वीज खातो, इन्व्हर्टरवर आरामात चालतो. पण आपल्याकडची वीज ही आपल्याकडची वीज आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडची कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. एवढ्या काळाला इन्व्हर्टरही पुरत नाही. वॉटर बेडला विजेशी देणंघेणं नाही.

तरीही नळीने अन्न देत असाल तर एअर बेडच घ्या. अशा रुग्णाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवावं लागतं, आणि फाऊलर खाटेचा, म्हणजे दवाखान्यातल्या दुमडत्या खाटेचा, वरचा भाग उचलला की वॉटर बेडचं पाणी पायाकडे धावतं. रुग्ण स्वतः कुशीवर वळत असेल, व्यायाम चालू असेल, तर दोन्ही नकोत. चांगली फोमची गादी घ्या. पाण्यावर आधार मिळत नाही, कडेला बसायला गेलं की माणूस घसरतो. मणक्याला मार असेल तर हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका.

वॉटर बेड ठरलाच, तर तीन कप्प्यांचा घ्या. एकाच कप्प्याच्या बेडमध्ये कंबरेखालचं पाणी डोक्याकडे आणि पायाकडे पळतं आणि कंबर फळीला टेकते. दुकानात घडी पूर्ण उलगडून घड्यांच्या रेषा बघा. तिथे बारीक भेगा किंवा चिकटपणा दिसला तर माल जुना आहे. तोंडांच्या बुचांमध्ये वॉशर आहेत का बघा, दोन जादा मागून घ्या. शक्य असेल तर हवा भरून शिवणींवर साबणाचं पाणी लावायला लावा. एअर बेडच्या पंपाची परीक्षा याहून सोपी: तो लावून दोन्ही तोंडांवर बोटं ठेवा. काही मिनिटांनी हवा एका तोंडातून दुसऱ्याकडे गेली पाहिजे. नुसता घूं आवाज येतो आणि हवा नाही, म्हणजे आतला पडदा फाटलाय. महिना-दोन महिन्यांचीच गरज असेल तर विकत घेण्याआधी जवळच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात चौकशी करा. तिथल्या बेडलाही याच परीक्षा लावा.

भरायचा तो खाटेवर पसरूनच. भरलेला बेड उचलता येत नाही. तोंडं पायाकडे ठेवा. स्वच्छ गोड पाणी घ्या, किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ नको. मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणी चटका देण्याइतकं तापतं, ते थेट भरू नका. फार गारही नको, अंगातली ऊब जाते. अर्धा भरला की तळहाताने दाबत हवा तोंडाकडे ढकलून काढा, मग उरलेलं पाणी. रुग्णाला झोपवल्यावर बेडखाली, बरोब्बर कंबरेच्या जागी, तळवा वर करून हात सरकवा. हाड हाताला लागलं तर पाणी कमी आहे. किमान एक इंच जाडी मधे जाणवली पाहिजे. वर एकच सुती चादर, सैल. चादर ताणून खोचली, मेणकापड आणि वाकळ एकावर एक चढवली, की खालचं पाणी असून नसल्यासारखं. दमट हवेत चादरी वाळत नाहीत, म्हणून चार-पाच हाताशी ठेवा.

आणि बेड आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका. दर दोन तासांनी वळवायचंच. टाचा पाण्यावरही दबतात, म्हणून पोटरीखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर फिका पडत नसेल तर जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळू नका, मधे भोक असलेली गोल उशीही देऊ नका, तिच्या कडा दाबतात.

खोबरेल आपल्याकडे हमखास लावतात. अंगाला लावा, पण बेडवर झिरपू देऊ नका, कारण तेलाने रबर फुगतं आणि चिकट होतं. घासलेटाने पुसणं तर नकोच. साबणाचं पाणी पुरे. छिद्र पडलं तर रबराच्या बेडला सायकलवाल्याचं पंक्चर चालतं, आधी जागा पूर्ण कोरडी करून. प्लॅस्टिकच्या बेडला ते सोल्युशन धरत नाही, त्याचा वेगळा डिंक लागतो. काम संपलं की पाइप लावून पाणी माडाच्या आळ्यात सोडा, बेड सावलीत आतून-बाहेरून वाळवा, शंखजिऱ्याची पूड भुरभुरून सैल गुंडाळा आणि उंदीर पोचणार नाहीत अशा पत्र्याच्या पेटीत ठेवा.