हप्ता ७७, डझनाला २.१ किलो

या महिन्याचा आकडा आधी सांगून टाकते: डझनभर अंड्यांना २.१ किलो खाद्य. सहा कोंबड्यांनी ३० दिवसांत २१ किलो खाद्य खाल्लं आणि ११८ अंडी दिली. गेल्या वर्षी याच सहाजणी २.६ वर होत्या, आणि पिसं झडत होती त्या महिन्यात तर ४.६ वर गेल्या होत्या. मी हा हिशेब मुद्दाम पैशात मांडत नाही. खाद्याचा भाव हलतो, अंड्याचाही हलतो, मग सुधारणा आपली की बाजाराची हेच कळत नाही. किलो आणि डझन लिहिले की लपायला जागा उरत नाही.

दुसऱ्या वहीतला आकडा: गृहकर्जाचा ७७वा हप्ता गेला. शंभरातले ६६ व्याजात, ३४ मुद्दलात. पहिल्या हप्त्याला हेच ८३ आणि १७ होते. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं.

आमचा दर ९ टक्के, मुदत २० वर्षं. हे आकडे धरून एकदा कागदावर गणित केलं आणि तेव्हापासून घरात एक नवं चलन आलं: ‘शेवटचे हप्ते’. या दराने अगदी सुरुवातीला एक हप्ता जादा भरला तर तो शेवटचे जवळजवळ सहा हप्ते खातो. दहा वर्षांनी भरला तर अडीचच. आज आम्ही जिथे आहोत तिथे एकाला जवळजवळ तीन पडतात. दरवर्षी बाराऐवजी तेरा हप्ते भरत गेलं तर २० वर्षांचं कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. फक्त जादा रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्यायचं. आमचे पहिले जादा पैसे हप्ता कमी करण्यात गेले होते. महिन्याला चार पैसे सुटले आणि ते कुठे गेले ते आम्हालाही कळलं नाही.

या चलनात मोजलं तर माझं सगळ्यात महाग खेळणं म्हणजे खुराडं. ३६व्या हप्त्याच्या सुमारास घेतलं, तयार, रंगवलेलं, उतरत्या छपराचं. किंमत बरोबर दोन हप्त्यांची. नवऱ्याने पेन्सिल घेतली, आकडे मांडले आणि म्हणाला, “अगं, कोंबड्या यायच्या आधीच खुराड्याने आपले शेवटचे नऊ हप्ते खाल्ले.” गणित बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. आज पुन्हा करायचं झालं तर जुन्या कपाटाला जाळी मारीन. कोंबडीला रंगाशी काही देणंघेणं नसतं. तिला कोरडी जमीन, वरून खेळती हवा, बसायला दांडी (प्रत्येकीला वीतभर जागा पुरे) आणि चार-पाचजणींत अंडी घालायला एक अंधारी पेटी एवढंच लागतं. आमच्याकडे पेट्या तीन आहेत. सहाहीजणी एकाच पेटीसमोर रांग लावतात.

आता २.६ वरून २.१ वर कसं आलो ते सांगते, कारण या वर्षाची खरी कमाई तीच.

अंड्यावर असलेली कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. सहाजणींना महिन्याला २० ते २२ किलो पुरायला हवं. माझ्या पोत्यातून २६ किलो जात होतं. मला वाटायचं, आमच्या खादाड आहेत. एका संध्याकाळी भांड्याखाली जुनी चादर पसरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झटकली. पाऊण वाटी चुरा. कोंबडी चोचीने खाद्य डावी-उजवीकडे उडवते, जाडे दाणे वेचते आणि बारीक तसंच सोडते. त्या बारकातच प्रथिनं आणि क्षार जास्त. म्हणजे सांडतंय ते कोंड्यासारखं दिसलं तरी माल तोच. भांडं काठोकाठ भरणं बंद केलं, अर्ध्यावर आणलं. साखळीने टांगलं, काठ सगळ्यात बुटक्या कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. एवढ्याने निम्मी गळती थांबली.

उरलेली निम्मी रात्री जात होती. जमिनीवर पीठ भुरभुरून ठेवलं. सकाळी त्यात बारीक पावलं आणि शेपटीची ओढलेली रेघ. कित्येक महिने मी उंदरांना लेयर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) खाद्य चारत होते. आता दिवस मावळला की भांडं उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. अंधारात कोंबडी खात नाहीच, त्यामुळे तिचं काही बिघडत नाही. उंदीर आठवडाभर आले, मग त्यांनीही जागा बदलली.

काटकसरीच्या नावाखाली केलेल्या चुका हव्याच असतील तर त्या भरपूर आहेत. स्वस्त पडतं म्हणून चार महिन्यांचं खाद्य एकदम घेतलं. पोतं थेट फरशीवर ठेवलं, बुडाला दमट लागलं, आणि तिसऱ्या महिन्यात खालून ढेकळं निघाली, हिरवट, कुबट वासाची. बुरशी लागलेलं खाद्य चाळून, वाळवून चालत नाही. बुरशीचं विष दिसेनासं झालं तरी दाण्यात राहतं, आणि कोंबडीच्या यकृतावर जातं. सगळं टाकलं. आता एका महिन्याचंच आणते, फळीवर ठेवते, आणि सवलतीची पाटी दिसली की नजर वळवते.

दुसरी चूक पिसं झडताना केली. अंडी थांबली, तर खाद्य कशाला वाया घालवायचं असा कंजूस विचार करून दोन आठवडे हात आखडता घेतला. पण पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच. ती अंडी देत नव्हती, पण अंगावर नवा कपडा विणत होती, आणि मी सूतच काढून घेतलं. आठ ते बारा आठवड्यांत उरकायचं ते आमच्याकडे चौदा आठवडे चाललं. तो ४.६ चा आकडा निम्मा निसर्गाचा आणि निम्मा माझा.

तिसरी, फुकटची पिल्लं. खुडूक बसलेल्या, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेल्या कोंबडीखाली एका मैत्रिणीने दिलेली नऊ फळलेली अंडी ठेवली. २१व्या दिवशी सहा फुटली. त्या दिवशी घरात कुणी काही काम केलं नाही. सहातले चार कोंबडे निघाले. चार कोंबड्यांनी चार महिने खाल्लं, पहाटे साडेचारपासून आरवले, आणि शेवटी शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे म्हणून मैत्रिणीकडेच परत पाठवावे लागले. दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) राहिल्या असत्या, पण मैत्रीण म्हणाली, जोड्या तोडू नकोस. गेल्या त्याही.

मात्र सगळ्यात जास्त लागलेली चूक कोंबड्यांची नव्हती. मागच्या वर्षी ‘शेवटच्या हप्त्यां’ची अशी झिंग चढली की सुटेल तो पैसा मुद्दलात टाकला, गंगाजळी कोरडी. नेमका पाण्याचा पंप जळला. कर्जात भरलेला पैसा मागायला गेलं तर परत मिळत नाही. पंपासाठी कार्डावर उसने घेतले, आणि त्या व्याजापुढे आमचे ९ टक्के म्हणजे साधुसंत. आता आधी चार महिन्यांचा खर्च बाजूला आणि त्याच्या वरचं तेवढं मुद्दलात. वेग कमी झालाय. मुदत आतापर्यंत २० हप्त्यांनी घटली, २६ ने घटली असती. झोप लागते.

रोजच्या काटकसरीबद्दल लिहावं असं फार काही नाही, ती एव्हाना सवयीने होते. स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद आहे. हवीशी वाटलेली वस्तू त्यावर तारखेसह लिहायची आणि ३० दिवस थांबायचं. निम्म्या ओळींचं महिन्याने हसू येतं. ‘अंडी गोळा करायची वेताची टोपली’ तीनदा लिहून तीनदा खोडली आहे. मी अजूनही ओच्यात आणते, आणि महिन्याला एखादं फुटतं. टोपलीपेक्षा ते परवडतं.

टरफलं मात्र मी कधीच टाकत नाही. एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. धुऊन, चुलीच्या उरल्या धगीवर खडखडीत वाळवून खलबत्त्यात कुटते, इतकं की टरफल म्हणून ओळखू येऊ नये. नाहीतर अंडं फोडून खायची चटक लागते. वेगळ्या वाटीत, संध्याकाळी. टरफल बनायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातले बरेच रात्रीचे, म्हणून झोपण्याआधी पोटात असलेलं बरं. खाद्यात मिसळत नाही; जिला हवं ती खाते. गेल्या पावसाळी आठवड्यात पेटीत एक बिनकवचाचं अंडं सापडलं होतं. तळहातावर घेतलं तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं कोमट, हलकं थरथरणारं, आतला बलक पिवळ्या सावलीसारखा. कुणाचं ते कळलं नाही. वाटी भरायला मी चार दिवस विसरले होते एवढं मात्र वहीत आहे.

विष्ठेचा हिशेब अजून मांडलेला नाही. ती ताजी घातली तर नत्राने रोपं जळतात, म्हणून पालापाचोळ्याच्या थरात काही महिने कुजवते. गेल्या वर्षीपासून बागेसाठी खत आणलेलं नाही, एवढंच खात्रीने सांगता येतं.

पुढच्या महिन्यात आकडा दोनच्या खाली नेता येईल असं वाटत होतं, पण व्याज पुन्हा खुडूक बसली आहे. (नाव नवऱ्याने ठेवलंय. जास्त खाते, कमी देते. मुद्दल नावाची कोंबडी रोज अंडं घालते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.) पेटीत हात घातला की फुगून फुसकारते आणि मनगटावर टोचते. तीन दिवस झाले, खुडूक मोडावी म्हणून खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलीय, दाणापाणी समोर. आज दुपारी सोडून पाहिली. तिने अंग झटकलं, दोन घोट पाणी प्यायली, इकडेतिकडे बघितलं आणि थेट पेटीकडे धूम ठोकली. पुन्हा पिंजऱ्यात. वहीत आजची नोंद: अंडी ४, खाद्य ६९० ग्रॅम, व्याज चालू.